शेपटीला खाच असलेला जिताडा

लग्न होऊन मी खाडीकाठच्या त्या गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा देव दाखवला आणि लगेच मासा दाखवला. देवासमोर काय करायचं ते मला ठाऊक होतं. माशासमोर काय करायचं ते कळेना, म्हणून मी तलावाच्या पायरीवर नुसती उभी राहिले. तेव्हा माझी नणंद मागून हळूच म्हणाली, "हात जोड गो. माजा घरधनी हाय त्यो."

मला हसू आवरेना. माझं माहेर तळा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आमच्याकडे मासे म्हणजे पावसात शेतात चढणारे. ते पकडायचे, आंबोशी घालून शिजवायचे आणि खायचे, एवढीच आमची त्यांच्याशी ओळख. माशाला नवरा समजणारी माणसं मी बघितली नव्हती. पहिल्याच दिवशी हसले म्हणून सासऱ्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की पुढे दोन-तीन महिने त्यांच्यासमोर मी मान वर केली नाही. मग केली. मुळात माझा स्वभाव मान खाली घालण्याचा नाहीच.

तो तलाव देवळाला लागून होता. त्याच्या एका अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध आणि बांधात लाकडी फळ्यांचं दार. त्याला उघाडी म्हणत. भरतीचं पाणी लागेल तेवढं उघाडीतून आत घ्यायचं, पावसाचं जास्तीचं बाहेर सोडायचं. त्यामुळे तलावाचं पाणी ना गोडं ना खारं, मचूळ, आणि मचूळ पाण्यात जिताडा फार पोसतो. आमच्या गावातली बरीच माणसं बोटीवर चाकरीला जात. माणूस निघाला की त्याच्या घरच्या बाईने खाडीतून बोटभर जिताड्याचं पिल्लू आणायचं, देवासमोर ठेवायचं आणि तलावात सोडायचं. ओळख पटावी म्हणून कुणी शेपटीला खाच पाडे, कुणी पाठीवरच्या पंखात चांदीची तार ओवी. तो त्या माणसाचा मासा. तो धडधाकट, तर दर्यापार त्याचा माणूसही धडधाकट. माणूस परत आला की त्याने आपल्या हाताने तो मासा खाडीत सोडायचा. आणि मासा मेला, तर माणूस गेला असं धरून पुढचं सगळं करायचं.

एका घरात मासा मेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि दिवाळीला नवरा ट्रंक घेऊन दारात उभा राहिला, असंही एकदा झालं होतं. गाव ही गोष्ट कुणाला सांगत नसे. मला ती पाणवठ्यावर कळली आणि मी ती जपून ठेवली, भांडणात उपयोगी पडेल म्हणून.

नणंदेला मी वन्सं म्हणत असे. आमच्या ह्यांच्यापेक्षा त्या मोठ्या. त्यांचा नवरा बोटीच्या इंजनात कोळसा घालायच्या कामावर होता. देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तो बोटीवर गेला, आणि त्याच आठवड्यात वन्संनी आपलं पिल्लू तलावात सोडलं, शेपटीच्या वरच्या टोकाला खाच पाडून. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पैसे येत, खुशाली येई. मग एकदा त्याच्याच बोटीवरचा एक जण आला आणि म्हणाला, परमुलखातल्या बंदरात तुमचा माणूस उतरला, बोट सुटायची वेळ झाली तरी परत चढला नाही. मेला म्हणावं तर मेलेला कुणी बघितला नाही. सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून वन्सं माहेरी आल्या आणि राहिल्या. मी आले तेव्हा त्यांचा जिताडा माझ्या मांडीएवढा झाला होता.

वन्संचं बोलणं कमी, काम जास्त. हसू आलं की मात्र पदर तोंडावर घेऊन अशा हसत, की गोठ्यातली गाय बघायला लागे. रोज सकाळी त्या टोपलीत बारीक कोलंबी नाहीतर चिखलातले मासे, निवट्या, घेऊन तलावावर जात आणि पायरीवर बसून पाण्यावर तळहात मारत. चटाक, चटाक. खालून काळी पाठ वर येई, तोंड उघडे, आणि खळ्ळकन आवाज करून कोलंबी आत. मी सोबत गेले की चेष्टा करी, "वन्सं, भावोजींना आज भूक बेताचीच दिसते, काल रात्री कुठे जेवून आले विचारा." त्यांना राग येत नसे. म्हणत, "तो बोलंल तवा बोलंल. तू गप."

आता बोर्लीच्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं. आम्ही बायका आगरदांड्याहून होडीने दिघीला उतरून बोर्ली पंचतनच्या बाजारात पोहे विकायला जात असू. तिथे त्याचं काथ्याचं आणि दोरखंडाचं दुकान होतं. बायको बाळंतपणात गेलेली, पदरी एक मुलगी. उन्हाचं त्याच्या दुकानाच्या सावलीत आम्हाला बसू देई, पाणी देई, आणि वन्संकडे न बघता वन्संशी बोले. असं दोन वर्षं चाललं. मग त्याने आमच्या ह्यांच्यामार्फत निरोप धाडला, की तुमच्या बहिणीचा पाट लावून द्याल तर मी तयार आहे.

आमच्यात बाईचं दुसरं लग्न, पाट, नवं नव्हतं. विधवेचा लागे, कुणी काही म्हणत नसे. पण वन्सं विधवा कुठे होत्या? मासा पाण्यात ठणठणीत होता. पंचांचं म्हणणं सरळ होतं, मासा जिवंत आहे तोवर नवरा जिवंत आहे, आणि नवरा जिवंत असताना पाट कसला. त्या पंचांत माझे सासरेही होते. मी ह्यांना म्हटलं, "माशाला विचारून लग्नं ठरवता, मग माशालाच पंच करा." ह्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी नांदले.

वन्संना विचारलं तर त्या उठून कामाला लागत. पण बोर्लीच्या बाजाराच्या दिवशी त्या धुवट लुगडं नेसत, हे मी बघत होते.

हे मुंबईला एका आगबोट कंपनीच्या कचेरीत पट्टेवाला होते. तिथल्या एका मोठ्या साहेबाला मासे पकडायचा नाद होता. सुट्टी मिळाली की काठ्या, चक्र्या, डबे घेऊन तो कुठे कुठे जाई. ह्यांनी धीर करून मेहुण्याची हकिगत त्याच्या कानावर घातली. साहेब म्हणाला, करतो चौकशी, कुठल्या बंदरात उतरला ते तरी कळेल. आणि मग विचारलं, तुमच्या गावाकडे जिताडा मोठा मिळतो म्हणे?

भातं झोडून झाली होती, थंडी पडली होती, तेव्हा साहेब ह्यांना बरोबर घेऊन लाँचने आगरदांड्याला उतरला. खाडीत दिवसभर होडी फिरवून त्याला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळापाशी आला आणि तलावातल्या पाठी बघून जागीच थांबला. सासऱ्यांना म्हणाला, "इथे टाकू का गळ?"

सासरे म्हणाले, "न्हाय सायेब. देवाचं मासं हायती. मारत न्हाय आमी."

"मी मारतो कुठे?" साहेब हसला. "मी पकडतो आणि सोडतो. आजवर माझ्या हातून एक मासा मेलेला नाही. खेळ आहे तो. त्यालाही खेळ, मलाही."

हे ऐकून पंच कोड्यात पडले. नियम काय, तर मारायचा नाही, खायचा नाही, जाळं घालायचं नाही. गळाचं नाव नियमात कुणी घेतलंच नव्हतं, कारण मारायचा नसेल तर गळ टाकील कोण? आणि मासा पाण्यात सोडणं हे तर आमच्याकडे पुण्यकर्म. एवढा शिकलेला माणूस पैसे खर्चून, लाँचने येऊन मासा सोडतो म्हणतो, म्हणजे त्याचाही काही नवस असणार, असं एकाने काढलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. शिवाय तो चौकशी करणार होता. सासऱ्यांनी हो म्हटलं. मुलीच्या भल्यासाठीच म्हटलं, हे मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी मला कबूल आहे.

वन्सं सगळं ऐकत होत्या. त्या टोपली घेऊन तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यातल्या पायऱ्यांवर गेल्या आणि तिथे पाण्यावर तळहात मारायला लागल्या. त्यांचा विचार माझ्या लक्षात आला. आपला मासा आपल्यापाशी बोलावून, चारत ठेवायचा, म्हणजे तो साहेबाकडे जाणार नाही. कोलंबी थोडी थोडी टाकत होत्या, पुरवून पुरवून. मासा आलाही.

साहेबाने तो आवाज ऐकला. काठी खांद्यावर टाकून तो बांधावरून चालत सरळ त्याच कोपऱ्यात गेला. "वा, ह्या बाई तर हाक मारून बोलावतात," म्हणाला, आणि वन्संच्या डोक्यावरून फेकली त्याने ती लाकडी मासळी. रंगवलेली, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. ती पाण्यावर पडली चटाक करून. वन्सं उठेपर्यंत, "नको" म्हणेपर्यंत, खळ्ळकन आवाज झाला.

त्यानंतर काय काय झालं ते मी पायरीवर उभी राहून पाहिलं, आणि आजही मला ते आवडत नाही. जिताडा पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं, पुन्हा पडला. चक्री कर्र कर्र फिरत होती. साहेब हसत होता, घामाघूम झाला होता, गाव काठावर जमून बघत होतं, आणि काहींना मजाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. वन्सं टोपली छातीशी धरून उभ्या होत्या. मासा दमला, आडवा झाला. साहेबाने त्याला कोरड्या पायरीवर ओढलं, टॉवेल टाकून दाबला आणि पक्कड काढली. एक गळ कल्ल्याच्या मुळाशी रुतला होता, दुसरा डोळ्यात. कल्ल्यातला ओढून काढला तेव्हा रक्त आलं, पायरीवर सांडलं. डोळ्यातला सहज निघाला. मग जबड्यात अंगठा घालून त्याने मासा उभा टांगला, ह्यांना म्हणाला, फोटो काढा. ह्यांना कॅमेरा नीट धरता येईना. दोनदा काढायला लावला. शेपटीची खाच सगळ्यांना दिसत होती.

मग त्याने मासा पाण्यात सोडला. जिताडा क्षणभर बाजूवर तरंगला, मग सरळ झाला, शेपटी हलली आणि तो खाली गेला.

"बघा," साहेब वन्संना म्हणाला, अगदी प्रेमाने, "गेला. काही झालं नाही त्याला."

दुपारी तो आमच्या ओटीवर जेवला. सुरमईचे तळलेले तुकडे त्याने आवडीने खाल्ले, काटे नीट बाजूला काढून. वाईट माणूस नव्हता तो. मला चांगला राग धरता येतो, पण त्याच्यावर धरायला जागा मिळेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला. संध्याकाळच्या लाँचने तो गेला. त्याच्यापुरता तो मासा तिथेच संपला. पाण्यात गेलेला दिसला, म्हणजे झालं. आम्हाला मात्र तलाव सोडून कुठे जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी पाण्यावर तळहात मारला तर बाकीचे मासे आले, तो आला नाही. तिसऱ्या दिवशी तो उघाडीजवळ सापडला. फळ्यांच्या फटीतून खाडीचं पाणी झिरपत होतं, तिथे कडेला तोंड करून उभा होता. जिथे टॉवेल दाबला होता तिथले खवले गेले होते आणि पांढरं, कापसासारखं काहीतरी धरायला लागलं होतं. डोळा दुधाळ. एका बाजूचा कल्ला उघडे, दुसऱ्या बाजूचा नुसता हले. वन्सं कोलंबी त्याच्या तोंडापुढे सोडत, तो तोंड उघडी, आणि कोलंबी बाहेर पडे. शिकार करणारा मासा तो, त्याला चोखायची सवय नव्हती.

पाण्यातल्या जिवाचं करायचं काय? माणसाला काढा देता येतो, गुराला डाग देता येतो. माशाला वर घ्यावं तर आणखी जखम होणार, पाण्यात ठेवावं तर हात पोहोचत नाही. वन्संनी हळद कालवून उघाडीपाशी ओतली. पाणी घटकाभर पिवळं झालं आणि निवळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतली. मी म्हटलं, "वन्सं, तलावाची आमटी करताय का?" त्या हळदीचा हात पाण्यात धुवत राहिल्या. देवाला कौल लावला, देवाने उजवं दिलं, म्हणजे ठीक. मासा मात्र ठीक नव्हता.

गावाची नजर बदलली. पाणवठ्यावर बायका आधी तलावाकडे बघत आणि मग वन्संच्या कपाळाकडे. कुणी वाईट बोलत नव्हतं, पण विचारत होते, "आज कसा हाय?" जसं आजाऱ्याला विचारावं तसं. बोर्लीहूनही निरोप आला. त्या माणसाच्या कानावर सगळं गेलं होतं. त्याने एवढंच कळवलं, की मी होळीपर्यंत वाट बघतो, पुढे मुलीकडे बघायला कुणीतरी पाहिजे. काही चूक नव्हतं त्याचं.

मी तेव्हा जे मनात धरलं ते सरळ लिहिते. तो मासा मरावा असं मला वाटत होतं. रोज सकाळी उठले की वाटे, आज तरी मेलेला दिसू दे. बांगड्या फुटतील, तेराव्यापर्यंत रडणं-बिडणं होईल, आणि मग ही बाई धुवट लुगडं नेसून दिघीच्या होडीत बसेल. एवढी जखम झाली आहे, खात नाही, एका डोळ्याने दिसत नाही, मग हा जगतोय कशाला? आणि त्यात ह्या बाई त्याला जगवतायत. कारण वन्सं आता घरचं काम आटोपलं की उघाडीजवळ बांधावर जाऊन बसत. निवट्या ठेचून, भाताच्या पेजेत कालवून, लांब काठीच्या टोकाला करवंटी बांधून त्याच्या तोंडाशी नेत. थोडंफार आत जाई. त्यावर तो टिकला होता. डोकं मोठं दिसायला लागलं, अंग वाळून काठी झालं, पण उभा.

एकदा माझा तोल गेला. बांधावर जाऊन मी म्हटलं, "वन्सं, द्या सोडून त्याला. मरायचं असेल तर मरू दे. तुमचं आयुष्य खातोय तो."

त्या करवंटी धुवत होत्या. म्हणाल्या, "उपाशी कसा ठेवू गो? तोंड उघडतोय त्यो."

"मग बसा भरवत."

त्यानंतर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते जाणवलं की नाही कोण जाणे, त्या दिवसभर घरात नसतच.

मुंबईहून हे आले, चौकशीचं उत्तर घेऊन. माणूस त्या बंदरात उतरला, पुढचं कंपनीला माहीत नाही. म्हणजे आम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच, फक्त आता कचेरीतून. साहेबाने ह्यांना हसून विचारलं होतं, तुमचा तो पहिलवान जिताडा कसा आहे? ह्यांनी सांगितलं, बरा आहे साहेब. दुसरं काय सांगणार?

होळीच्या पुनवेला मोठं उधाण आलं. उघाडीच्या वरच्या दोन फळ्या जुन्या झाल्या होत्या, त्या निखळल्या आणि खाडीचं गढूळ पाणी आत घुसलं. माणसं धावली, फळ्या बसवल्या, पण तलाव चिखलाच्या रंगाचा झाला. नेमक्या त्या दिवसांत वन्सं विटाळामुळे बाहेर बसल्या होत्या. देवाच्या तलावावर पाय ठेवायची सोय नाही. मागच्या पडवीत गोणपाटावर बसून त्या मला म्हणाल्या, "जरा बघून ये गो. दिसतोय का त्यो." त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी गेले. काठी पाण्यात घातली तर टोक दिसेना. संध्याकाळी गेले, दुसऱ्या सकाळी गेले, वाकून वाकून बघितलं. परत आले की त्या माझ्या तोंडाकडे बघत, मी मान हलवी. मग त्या भिंतीकडे तोंड करत. "कुणाला तरी बसव तिथं," म्हणाल्या. पण बसून काय दिसणार होतं?

पाणी निवळलं तेव्हा वन्सं न्हाऊन तलावावर गेल्या. उघाडीपाशी तो नव्हता. कुठेच नव्हता. वर तरंगलेलाही नाही. मेलेला जिताडा तळाला जातो, चिंबोऱ्या दोन दिवसांत साफ करतात, असं कोळणी सांगत. किंवा फळ्या निखळल्या तेव्हा बाहेर गेला असेल, खाडीत, आणि तिथे जगला असेल किंवा नसेल. जाळं घालून तळ बघता आला असता, पण तलावात जाळं नाही, हा नियम पक्का होता. ज्या पंचांनी गळाला परवानगी दिली, त्यांना जाळ्याला देता येईना.

पंच देवळात बसले. मासा मेलेला कुणी बघितलाय? कुणीच नाही. मग मेला कसा म्हणायचा? मी दाराआडून म्हटलं, "ट्रंकवाल्याच्या वेळी तर बघितला होता ना मेलेला, काय झालं मग?" सासरे उठून बाहेर आले आणि पहिल्यांदाच मला घरी जा म्हणाले. मी गेले नाही, पण त्याने काही फरक पडला नाही. त्यांच्या आठवणीत अशा वेळेसाठी एक रीत होती आणि ती त्यांनी काढली. मासा नाहीसा झाला तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून जाळायचा, आणि बाई मोकळी. बारा वर्षं कुठून मोजायची? माणूस गेला तेव्हापासून नाही, कारण मासा तर कालपर्यंत होता. मासा शेवटचा दिसला त्या दिवसापासून. हे सासऱ्यांनीच सांगितलं. आपण मुलीला कुठे नेऊन ठेवलं ते त्यांना कळत होतं, आणि रीत मोडायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी वाढलं होतं, ताट तसंच उचललं.

बोर्लीच्या माणसाने चैत्र जाऊ दिला. वैशाखात त्याने श्रीवर्धनकडच्या एका बाईशी पाट लावला. ही बातमी पोह्यांच्या बाजारातच कळली. त्याच्या दुकानात एक बाई गल्ल्याजवळ बसली होती आणि त्याची मुलगी तिच्या मांडीवर होती. आम्ही त्या दिवशी त्याच्या सावलीला थांबलो नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भात कांडत होतो, समोरासमोर, एक त्यांचं मुसळ, एक माझं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तेव्हा सांगत होते तुम्हाला. खायला घातलं नसतंत, तर आठ दिवसांत सगळ्यांच्या देखत मेला असता. तुम्हीच जगवलात."

वन्संचं मुसळ थांबलं नाही. कांडता कांडताच बोलल्या.

"मी जगवत न्हवते गो. मी राखत व्हते. त्यो मरनार ह्ये मला पैल्या दिवशीच कळलं, कल्ल्याचं रगत बघूनशान. पर मरताना दिसाया पायजे व्हता. माज्या डोळ्यांनी बघितला असता, तर बाबांला हाक मारली असती, पंचांला आनून दावला असता. म्हनून बसून ऱ्हायले. उठले की वाटायचं, आता जाईल, आन् कुनी बघितलं नसंल. उपाशी ठेवायला हात हुईना, मारायला त्याहून हुईना. बसायला येत व्हतं, त्येवढं केलं."

मी मुसळ तसंच धरून उभी राहिले. सबंध हिवाळा ती बाई बांधावर बसून होती, आणि आम्हाला वाटत होतं, नवऱ्यासाठी.

"तुज्या हातचं कांडन थांबलं," त्या म्हणाल्या. "भात ऱ्हायलंय अजून."

त्यानंतर त्या तलावावर गेल्या नाहीत. बारा वर्षं पुरी व्हायच्या आधी सासरे गेले, आणि बारा वर्षं पुरी झाली तेव्हा पुतळ्याचं कुणी नाव काढलं नाही, वन्संनीही नाही. कपाळाला कुंकू होतं ते राहिलं. गावात कुणाचं लग्न निघालं, की नवरीला हळद लावायला थोरली सवाष्ण म्हणून पहिल्यांदा त्यांना बोलावणं येई, आणि त्या धुवट लुगडं नेसून जात.